टीईटीचे ९० गुण आणि ४०३ वजा १७८

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, सक्तीची करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर त्यावर बरीच पत्रे छापून आली. वीस-वीस वर्षे शिकवून झाल्यावर आता परीक्षा कसली, असे शिक्षकांचे म्हणणे. पगार घेता तर परीक्षाही द्या, असे पालकांचे आणि भरतीची वाट पाहून थकलेल्या डी.एड.धारकांचे. दोन्हीकडचा राग समजण्यासारखा आहे. पण या सगळ्या भांडणात एक प्रश्न कोणी विचारत नाही: शिक्षकाच्या हातात कोणता कागद आहे याचा, आणि तिसरीतल्या पोराला धडा वाचता येतो की नाही याचा, संबंध नेमका किती?

आधी कागद कोणता ते पाहू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी किमान पात्रता ठरवली. पहिली ते पाचवीसाठी बारावीला ५० टक्के, दोन वर्षांची पदविका (आपले जुने डी.एड., आताचे डी.एल.एड.) आणि टीईटी. आपल्या राज्यात टीईटी २०१३ पासून होते आहे. बी.एड. ही प्राथमिकची पात्रता नव्हे, हे न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले. आणि आता, ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचे. ज्यांचा काळ त्याहून कमी आहे त्यांची नोकरी चालू राहील, पण बढती नाही. निकाल लागला आहे, तो पाळावा लागेल. त्यावर आणखी शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

अर्थ आहे तो ही परीक्षा काय मोजते आणि काय मोजत नाही, हे पाहण्यात. पेपर पहिला १५० गुणांचा, वेळ १५० मिनिटे. बालमानसशास्त्र ३०, पहिली भाषा ३०, दुसरी भाषा ३०, गणित ३०, परिसर अभ्यास ३०. खुल्या प्रवर्गाला उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. प्रत्येक विषयात अमुक इतके हवेतच अशी अट नाही आणि चुकीच्या उत्तराचे गुणही कापत नाहीत. म्हणजे गणिताचा एकही प्रश्न न वाचता तीसही ठिकाणी गोळे रंगवले, तर चारातला एक या हिशेबाने सरासरी सात-आठ गुण पडतात. उरलेल्या १२० पैकी ८२-८३ मिळवले की उमेदवार ‘पात्र’. हाच उमेदवार उद्या चौथीला गणित शिकवणार. उलट गणितात २८ आणि इंग्रजीत ८ पडलेला उमेदवार दोन-तीन गुणांनी राहूही शकतो. पात्रतेची रेषा हवीच, ती पुसा असे मी म्हणत नाही. पण ही रेषा ओलांडली म्हणजे शिकवता येते, असे समजणे हा भाबडेपणा झाला.

आता वर्गात जे दिसते ते. तिसरी-चौथीला ४०३ वजा १७८ हे गणित द्या. बरोबर उत्तर २२५. चुकलेल्या पाट्या गोळा केल्या की तीन उत्तरे हमखास सापडतात: ३७५, २३५ आणि २०५.

३७५ लिहिणाऱ्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. आठातून तीन पाच, सातातून शून्य सात, चारातून एक तीन. वरचा अंक कोणता आणि खालचा कोणता, हे त्याच्या लेखी नाहीच. त्याला हातचा समजला नाही असे नव्हे. वजाबाकी म्हणजे ‘असलेल्यातून काढणे’, हेच पोचलेले नाही. त्याला दोन अंकीवर मागे न्यायचे. ५२ वजा २७ हे काड्यांनी करायचे: दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या, यातून सत्तावीस मला दे. सात सुट्या मागितल्या आणि हाताशी दोनच निघाल्या, की गठ्ठा सोडावा लागेल हे मूल स्वतःच म्हणते.

२३५ लिहिणाऱ्याला हातचा कळतो. त्याने शतक मोडून दशकाच्या घरात दहा आणले, एककाच्या घरातही दहा दिले आणि तेरातून आठ काढले. पण ते दहा एकक ज्या दशकातून आले, ते दशक कमी करायला विसरला. मध्ये नऊ उरायला हवे होते, त्याने दहाच धरले. याला काड्या नकोत, खेळातल्या नोटा पुरतात: शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा घ्यायच्या, त्यातली एक पुन्हा मोडून दहा नाणी घ्यायची आणि दहाच्या किती नोटा उरल्या ते मोजायचे. दोन-तीन वेळा मोजले की चूक जाते.

२०५ लिहिणाऱ्याची अडचण शून्याशी आहे. एककासाठी त्याने दशकाचे घर ओलांडून थेट शतकातून हातचा घेतला, आणि शून्यातून सात जात नाहीत, म्हणून तिथे शून्यच लिहून पुढे गेला. ४०३ मधले शून्य म्हणजे काहीच नाही असे तो मानतो. तिथे दशकाचे घर आहे आणि ते रिकामे आहे, हे त्याला माहीत नाही. त्याच्याकडून ४०३, ४३० आणि ४३ हे तीनही आकडे नोटांनी मांडून घ्यायचे आणि वजाबाकी काही दिवस बाजूला ठेवायची.

तिन्ही पाट्यांवर खूण एकच होते: लाल फुली. ‘चूक दुरुस्ती’ म्हणून तिन्ही मुले फळ्यावरचे तेच उदाहरण तीन वेळा उतरवतात. ही फुली मारणारा कधी बी.एस्सी. असतो, कधी बारावी डी.एड. तीन उत्तरांमागचे तीन वेगळे गोंधळ ओळखणारा शिक्षकही कधी हा असतो, कधी तो. ही ओळख पदवीच्या अभ्यासक्रमात मिळत नाही, पदविकेत नावापुरती मिळते आणि टीईटीत तिच्यावर चार पर्यायांचा एखादा प्रश्न येतो.

हे माझे मत नव्हे, अभ्यास झालेले आहेत. लिपिंग मा या संशोधिकेने १९९९ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात अमेरिकेतले २३ आणि चीनमधले ७२ प्राथमिक शिक्षक घेतले आणि त्यांना एक प्रश्न विचारला: पावणेदोन भागिले अर्धा किती, आणि मुलांना समजावे म्हणून याचे एक उदाहरण सांगा. अमेरिकी शिक्षक पदवीधर होते. चिनी शिक्षकांचे शिक्षण शाळेची नऊ वर्षे आणि अध्यापक विद्यालयाची दोन-तीन वर्षे, एवढेच. ७२ च्या ७२ चिनी शिक्षकांचे उत्तर बरोबर, साडेतीन. अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्यांनाही ते पूर्ण जमले नाही, आणि अर्थाने बरोबर उदाहरण तर एकाच शिक्षकाला सांगता आले. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांची उदाहरणे ‘अर्ध्याने भागणे’ ऐवजी ‘दोघांत अर्धे-अर्धे वाटणे’ याची. आपल्याकडे दूध मापून घालणाऱ्या बाईला विचारा: पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या मापाने किती वेळा भरेल? ती साडेतीन म्हणेल. पण वर्गात हेच गणित ‘दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा’ एवढ्यावर संपते. आडातच नाही तर पोहऱ्यात येणार कुठून, आणि हा आड पदवीच्या उंचीवरून मोजता येत नाही.

वाचनाचेही असेच. पहिली-दुसरीत बाराखडी तालासुरात पाठ करून घेतली जाते. पाहुण्यांसमोर सगळा वर्ग ‘क का कि की’ घडाघडा म्हणतो, अधिकारी खूश. त्याच मुलापुढे नुसते ‘कु’ लिहून ठेवा. ते मनातल्या मनात क पासून सुरू करते, ओठ हलवत मोजत-मोजत ‘कु’ पर्यंत येते. म्हणजे त्याला क्रम येतो, चिन्ह येत नाही. एका शब्दाला असा वेळ लागला, तर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. मग आपण म्हणतो, वाचतो पण समजत नाही. उपाय साधा आहे. अक्षरे आणि काना, वेलांटी, उकार, मात्रा क्रम मोडून शिकवायच्या. तीन-चार अक्षरे आणि एक चिन्ह आले की लगेच त्यांचेच शब्द. म आणि भ, ध आणि घ यांसारख्या सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच आठवड्यात आणायच्या नाहीत. जोडाक्षरे आणि रफार शेवटी. आणि रोज प्रत्येक मुलाचे वाचन कानाने ऐकायचे. हे शेवटचे सर्वात अवघड, कारण त्याला वेळ लागतो. वेळेकडे पुढे येतो.

पात्रता आणि निष्पत्ती यांची फारकत दाखवणारा एक मोठा प्रयोग आपल्याच देशात झाला आहे. मुंबई आणि वडोदरा इथल्या पालिका शाळांत २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ संस्थेने बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच तरुणी, शिक्षण दहावी-बारावीच्या आसपास, सुरुवातीचे प्रशिक्षण दोन आठवड्यांचे. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास त्यांच्याकडे. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचे मोजमाप केले, २००७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. बालसखीकडे गेलेल्या मुलांची प्रगती ठळक होती. गंमत पुढे आहे: ही मुले उठून गेल्यावर नेहमीच्या, पूर्ण पात्रताधारक शिक्षकापुढे वर्ग लहान झाला, तरी तिथे उरलेल्या मुलांत फारसा फरक पडला नाही. बहुधा तिथे शिकवणे तेच राहिले म्हणून, पाठ्यपुस्तकाचे पान पुढे नेण्याचे.

हे वाचून मंत्रालयात कोणी म्हणेल, मग कंत्राटी पोरीच नेमा, स्वस्तात पडतील. तसे नाही. बालसखीचे काम अक्षर, शब्द, साधी बेरीज-वजाबाकी इथवर होते, कामाची पद्धत आखून दिलेली होती आणि वर देखरेख होती. वरच्या वर्गात ही पुंजी पुरत नाही. पेरूमध्ये सहावीच्या मुलांची आणि त्यांच्या शिक्षकांची त्याच विषयांत परीक्षा घेतली गेली. गणितात ज्या शिक्षकाचे स्वतःचे गुण जास्त, त्याच्या मुलांचेही जास्त. वाचनात असा स्पष्ट संबंध दिसला नाही. सहावी ते आठवीला विषयाचे ज्ञान हीच मर्यादा ठरते. म्हणून शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) परिशिष्टात विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक सांगितला आहे. आपल्याकडे वरच्या प्राथमिकचा पट घसरला की अनेकदा पद जाते ते नेमके विज्ञान-गणिताच्या शिक्षकाचे, आणि मग मराठी-इतिहासवाले सर बीजगणित शिकवतात. त्यांना दोष देऊ नका. त्यांना ते तसेच शिकवले गेले होते.

म्हणजे शिक्षकाची पात्रता महत्त्वाची आहे, पण कोणत्या वर्गाला कोणती, याचा विचार हवा. पहिली-दुसरीला मूल कुठे अडले ते ओळखणारा, सातवी-आठवीला विषय पक्का असलेला. ज्येष्ठतेच्या यादीत या दोन्हींपैकी काहीच दिसत नाही. पहिलीचा वर्ग तर शाळेत सर्वात नवा किंवा सर्वात निमूट माणूस असेल त्याच्या गळ्यात पडतो.

आता वेळ. परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस, ८०० तास. दिवसाचे चार तास झाले. पट ६० पर्यंत असेल तर शिक्षक दोन. वर्ग पाच. दोघांचे मिळून आठ तास पाच वर्गांत वाटले, तर एका वर्गाच्या वाट्याला ९६ मिनिटे येतात. एक जण पंचायत समितीत बैठकीला किंवा बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला गेला की ४८. कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना फक्त जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शाळाबाह्य कामे सांगितली आहेत. ऑनलाइन माहिती, आधार जुळवणी, पोषण आहाराची रोजची नोंद, छायाचित्रे अपलोड करणे ही ‘शालेय’ कामे ठरतात, म्हणून कलमाच्या बाहेर सुटतात. पाच मिनिटे एका मुलाचे वाचन ऐकायचे म्हटले, तर तीस मुलांना दीडशे मिनिटे लागतात. एम.ए., एम.एड. झालेला शिक्षकही ही मिनिटे कुठून आणणार?

डी.एड.चे सराव पाठ मात्र आजही एका इयत्तेचा एक वर्ग, तक्ता, टाचण आणि एक तासिका असेच घेतले जातात. दोन शिक्षकी शाळेत पाऊल ठेवल्या दिवसापासून हे टाचण निकामी. बहुवर्ग अध्यापनाचा (एकाच वेळी अनेक इयत्ता शिकवण्याचा) खरा सराव व्हायला हवा तिथे एखादे प्रकरण वाचायला असते.

विदर्भापुरत्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मेळघाटात पहिलीला येणारे मूल कोरकू बोलते, भामरागड-एटापल्लीत माडिया किंवा गोंडी, पांढरकवडा-झरी भागात कोलामी. शिक्षकाला ती भाषा येते की नाही, हे कोणत्याही पात्रतेत धरलेले नाही. पहिले सहा महिने मूल गप्प बसते आणि शेऱ्यात ‘मंद’ असे लिहिले जाते. त्यातच अध्यापनाचा अनुभव सर्वात जास्त फळ देतो तो पहिल्या काही वर्षांत. हे परदेशातल्या अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. आपली बदलीची रीत अशी की नवा शिक्षणसेवक १६ हजारांच्या मानधनावर अवघड क्षेत्रात लागतो, तीन वर्षांत थोडीफार भाषा आणि मुले ओळखू लागतो, आणि तीन वर्षे झाली की बदलीस पात्र होऊन निघतो. त्या शाळेला पुन्हा नवा. माणूस बदली मागतो यात गैर काही नाही. तिथे राहणाऱ्याला राहण्याचा काही फायदाच ठेवलेला नाही, हे गैर.

दुसरी गोष्ट हंगामाची. आपल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात आणि दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात आली की हजेरी गळते. म्हणजे सलग शिकवण्याचा काळ जुलै ते दिवाळी एवढाच. मुलांची पातळी तपासायला ऑक्टोबर उजाडला तर वर्ष गेले. ही तपासणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवी: मुलापुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवा, अडखळले तर पहिलीचा, मग शब्द, मग अक्षरे, गणितात अंक ओळख, हातच्याची वजाबाकी, एक अंकी संख्येने भागाकार. जिथे मूल थांबले तिथे नोंद करा. इयत्ता बाजूला ठेवून सारख्या पातळीची आठ-दहा मुले एकत्र घ्या, रोज तासभर त्यांच्याच पातळीचे काम द्या, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासून गट बदला. यात एक जुने दुखणे आहे: गट एकदा पडला की तो वर्षभर तसाच राहतो आणि खालचा गट ‘ढ’ मुलांचा म्हणून ओळखला जातो. गट हलत नसतील तर पाडूच नयेत.

म्हणून ऑगस्ट २०२७ पर्यंतच्या मुदतीबद्दल एवढेच सुचवायचे आहे. हजारो शिक्षक आता सायंकाळी गाइड उघडून बसतील, पर्याय पाठ करतील, काही जण शिकवणी लावतील. त्यातून ९० गुण मिळतील, पण २३५ हे उत्तर का आले ते कळणार नाही. दर महिन्याची केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद तशीही होते. बहुतेक वेळ परिपत्रके वाचण्यात जातो. परिपत्रके मोबाइलवर आलेलीच असतात. त्याऐवजी प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गाच्या दहा चुकलेल्या पाट्यांचे फोटो आणावेत, चार-चार जणांनी बसून चुकीचे मूळ शोधावे आणि पुढच्या महिन्यात त्या मुलांचे काय झाले ते सांगावे. टीईटीच्या गणित आणि बालमानसशास्त्र या दोन्ही भागांची तयारी यातूनच होते.

टीईटी घेणाऱ्या परीक्षा परिषदेने सेवेतल्या शिक्षकांचे विषयवार गुण, नावे वगळून, केंद्रनिहाय एकत्र करून जिल्ह्याच्या डाएटकडे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे) द्यावेत. ज्या केंद्रात गणिताचे ३० पैकी दहाच्या आसपास रेंगाळतात, तिथे अपूर्णांक आणि अंकांच्या स्थानिक किमतीवर पाच दिवसांचे प्रशिक्षण ठेवावे. जिथे गणित बरे आहे तिथे ते ठेवू नये. सरसकट सगळ्यांना एकच प्रशिक्षण दिले, की सर्वात जास्त गरज असलेला शिक्षक मागच्या बाकावर बसून हजेरीची सही करतो आणि घरी जातो.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख,
जि. यवतमाळ